दोनशे सतरा हिरवे, एक लाल

२ फेब्रुवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

आज पहाटे जाग आली ती एका आवाजाने. आवाज साठ-बासष्ट वर्षांपूर्वीचा, त्यामुळे शेजाऱ्यांची काही तक्रार नाही. आमच्या शाळेला एकच खोली होती. चार इयत्ता चार भिंतींना पाठ लावून बसायच्या आणि शेवटच्या तासाला सगळे मिळून कविता म्हणायचे. ओळ संपली की चाळीस पोरं एकदम थांबायची, आणि एक आवाज जरासा मागे राहिलेला, तेवढा एकटाच त्या शांततेत पडायचा. तो तुझ्या बापाचा. मास्तर विचारायचे, "हा शेपटीचा आवाज कुणाचा रे?" आणि मी, थोरला भाऊ म्हणून, हात वर करून सांगायचो. तेव्हापासून त्याच्या चुका दाखवण्याचं खातं माझ्याकडे आहे.

तुझं पत्र मिळालं. तुझे बाबा घरदार आवरून अठ्ठावीस तारखेला तुझ्या भावाकडे, समुद्रापलीकडे, कायमचे राहायला चाललेत, ही बातमी तू चौथ्या परिच्छेदात, ऑफिसातल्या चहाच्या यंत्राच्या वर्णनाखाली घातलीस. बाई गं, मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. लोक मजकूर कुठे लपवतात ते मला ठाऊक आहे.

"जाण्याआधी एकदा भेटा, काका." मी कुठे अडवलंय? माझा पत्ता तोच, जिना तोच, दारही तेच. सहा वर्षांपूर्वी त्याने आपल्या कवितांचं हस्तलिखित आपणहून माझ्याकडे तपासायला पाठवलं. चौसष्ट पानांत दोनशे चौदा चुका निघाल्या. त्या मी तांबड्या शाईने दाखवल्या. तपासायला दिलेलं तपासलं, एवढ्यावर सख्खा भाऊ सहा वर्षं बोलत नाही. चुका करणारा रुसणार आणि दाखवणारा मनधरणी करणार, हा कुठला न्याय? त्याने यावं. मी दार उघडीन. याहून जास्त माझ्याकडून होणार नाही.

बाकी तू नोकरीत नक्की काय करतेस ते मला अजून उमगलेलं नाही. तू लिहितेस, "मी आपोआप चालणाऱ्या चाचण्या चालवते." आपोआप चालतात, तरी चालवतेस तूच. मग पगार कोण घेतं?

तुझा,
काका


६ फेब्रुवारी

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

पगार मीच घेते. यंत्र पगार मागत नाही, रजा मागत नाही आणि सहा-सहा वर्षं रुसून बसत नाही, म्हणून तर सगळ्या ऑफिसांना ते घरच्यांपेक्षा लाडकं.

काम समजावून सांगते. आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांसाठी एक सेवा चालवते. रोज सकाळी आठ वाजता फोन वाजतो आणि एक गोड आवाज म्हणतो, "आपण ठीक असाल तर एक दाबा." ओळीने तीन सकाळी कोणी एक दाबला नाही, तर जवळच्या नातेवाइकाला संदेश जातो. आता फोन लावणारा प्रोग्राम वेगळा, नोंद ठेवणारा वेगळा, संदेश धाडणारा वेगळा. ते एकमेकांशी चिठ्ठ्यांनी बोलतात, आपल्यासारखे. फक्त त्यांची उत्तरं लगेच येतात आणि त्यांत टोमणे नसतात.

त्या चिठ्ठ्यांना बरोबर उत्तरं मिळतात का, हे बघणं माझं काम. एक काळा पडदा असतो. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. त्यावर एक ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं. दीड मिनिटात दोनशे अठरा प्रश्न विचारले जातात, आलेली उत्तरं अपेक्षित उत्तरांशी ताडली जातात, जुळलं की हिरवं, चुकलं की लाल. त्या ओळीच्या शेवटी एका फाइलचं नाव लिहायचं असतं. प्रश्न लुटुपुटूच्या सर्व्हरला जाणार की खऱ्या, हे त्या नावावरून ठरतं.

चाचणीला एक लुटुपुटूचा माणूसही लागतो. बाकीचे "अबक" असं काहीतरी नाव टाकतात. मी तुम्हाला टाकलं. वय बहात्तर, राहणार एकटे, तुमचा पत्ता, तुमचा फोन. स्वभावाचा रकाना नाही हे सर्व्हरचं नशीब. आणि जवळचा नातेवाईक म्हणून बाबा. रोज दहादा तुम्ही फोनला उत्तर देत नाही, रोज दहादा बाबांना कळवलं जातं, आणि सगळं हिरवं होतं. तिथे तरी.

आता त्या दोनशे चौदा चुकांबद्दल. ते हस्तलिखित कपाटात आहे, मी पाहिलंय. दोनशे तेरा ठिकाणी बाबांनी तुमचं म्हणणं मान्य करून पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे. अगदी तुमच्या त्या जहाल शेऱ्यांसकट. एकविसावं पान आठवतं का तुम्हाला? आई गेली त्यानंतर दोन महिन्यांनी लिहिलेली कविता. "तू गेलीस आणि घर मोठे झाले." तिच्या शेजारी तुमच्या मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलंय, "एक मात्रा कमी."

तिथे पेन्सिल नाही.

तुमची,
खार


९ फेब्रुवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

तुझं काम कळलं. ते आमचंच काम आहे, फक्त पंख्याखाली बसून करायचं. छापखान्यात आम्ही दोघं बसायचो. एकाच्या हाती मूळ हस्तलिखित, तो ते मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हांसकट, भाव न आणता: "आकाशात स्वल्पविराम मेघ दाटले पूर्णविराम." दुसऱ्याच्या हाती छापील मुद्रित. जुळलं की खूण, चुकलं की तांबडी रेघ. प्रेमकविता असो की उंदराच्या औषधाची जाहिरात, सूर एकच. अशा सुरात मी जितक्या सुंदर कविता ऐकल्या तितक्या कोणत्याही वर्गात ऐकल्या नसतील.

एकदा काय झालं, वाचणाऱ्याच्या हातीही चुकून मूळ हस्तलिखिताऐवजी मुद्रिताचीच दुसरी प्रत आली. तो चुका वाचतोय, मी त्याच चुका बघतोय, सगळं जुळतंय! एकही तांबडी रेघ न मारता आम्ही बत्तीस पानं पास केली आणि भूगोलाच्या पुस्तकात सूर्य पश्चिमेला उगवला. मालकांनी आम्हा दोघांना पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. म्हणून विचारतो, तुझी ती "अपेक्षित उत्तरं" कोण लिहितं? हिरवं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस.

दुसरं, माझं नाव त्या यादीतून काढ. जिवंतपणी दिवसातून दहा वेळा गप्प पडलेला मला चालणार नाही. "अबक" काय वाईट आहे?

एकविसाव्या पानाबद्दल: मात्रा मी मोजली होती. तीनदा मोजली. कमीच होती. वृत्त दुखवट्याची सुट्टी घेत नाही.

हवा बरी आहे.

तुझा,
काका


१७ फेब्रुवारी

ती. काकांना नमस्कार.

काल मी तुम्हाला फोन केला. तुम्ही "जे असेल ते पत्रात लिही" म्हणून ठेवून दिलात. आज पुन्हा केला, पुन्हा तेच. म्हणून लिहिते, आणि हे पत्र उभ्याने वाचू नका.

परवा सकाळी मला खऱ्या सर्व्हरला एकच निरुपद्रवी प्रश्न विचारायचा होता: "जागा आहेस का?" विचारला. तो म्हणाला, "आहे." झालं. दुपारी नेहमीच्या चाचण्या घ्यायच्या होत्या. काळ्या पडद्यावर वरचा बाण दाबला की मागची ओळ जशीच्या तशी परत येते, पुन्हा टाइप करायचे कष्ट नकोत म्हणून. मी ती आणली, एका प्रश्नाच्या जागी दोनशे अठरांचा संच लिहिला, आणि शेवटचं फाइलचं नाव बदलायला विसरले. एंटर.

हिरवं, हिरवं, हिरवं. मी चहा पीत बघत होते. खऱ्या सर्व्हरवर तुमची नोंद झाली. तीन सकाळी तुम्ही उत्तर दिलं नाही असं त्याला सांगण्यात आलं. त्याने ते मानलं आणि जवळच्या नातेवाइकाला संदेश पाठवला. खराखुरा. दोनशे सतरा हिरवे! अगदी शेवटचा प्रश्न तुमचं नाव पुसण्याचा. तो तेवढा लाल झाला, कारण खऱ्या यादीतून माणूस पुसायला परवानगी लागते. ती ज्याच्याकडे आहे तो गृहस्थ एक मार्चपर्यंत रजेवर, डोंगरावर, फोन बंद करून आत्मशोध करतोय. साहेब मला म्हणाले, "सेवा उत्तम चालते हे सिद्ध झालं, अभिनंदन. आता हे कुणालाही सांगू नकोस."

थोडक्यात, तुम्ही आमचे ग्राहक आहात. रोज आठला फोन येईल. कृपा करून एक दाबत जा. तीन दिवस चुकवलेत तर पुन्हा बाबांना संदेश जाईल.

बाबांना मी लगेच फोन करून सांगितलं, चूक माझी आहे, काका ठणठणीत आहेत. "बरं," म्हणाले. संध्याकाळी मी घरी गेले तर ते खुर्चीत पेपर वाचत बसले होते. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. विचारलं तर म्हणाले, "गरम होतंय." एकाच पायाला? म्हातारपण म्हणायचं, दुसरं काय. तिकडे परदेशात यांचं कसं होणार याची मला काळजी वाटते.

रागावू नका.

तुमची,
खार


२० फेब्रुवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

मी रागावलेलो नाही. बहात्तर वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी रोज सकाळी माझी चौकशी करतंय, रागावून कसं चालेल? काल मी तिला म्हणालो, "ठीक आहे, पण गुडघा दुखतो." म्हणाली, "कृपया एक दाबा." म्हटलं, "रात्री झोप लागली नाही." म्हणाली, "कृपया एक दाबा." दोनशे सतरा परीक्षा पास झालेल्या बाईकडून माझी अपेक्षा जास्त होती. तुमच्या यादीत "ठीक नाही, पण विशेष काही नाही" यासाठी आकडा नाही का? या वयात तेवढंच एक खरं उत्तर असतं.

हे सगळं तू मुद्दाम केलंस, असं मला दोन दिवस वाटत होतं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. मुद्दाम करणारी माणसं इतकं नीट करत नाहीत. सोडून दिलं.

तुझ्या पत्रातल्या एका तपशिलाबद्दल मात्र शंका आहे. मोजा कोणत्या पायात होता? तुझा बाप लहानपणापासून आधी उजवा मोजा, मग उजवा बूट, मग डावीकडे वळायचा. शाळेला उशीर व्हायचा तो यामुळेच. हे आपलं मी शुद्ध माहितीसाठी विचारतोय. आणि संदेश आला तेव्हा तू त्याला किती वेळाने फोन केलास? पाच मिनिटांनी? दहा?

आता हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो. "तू गेलीस आणि घर मोठे झाले." मी ती ओळ वाचली तेव्हा प्रेसची खोली रिकामी होती. वाचायला समोर कोणी नव्हतं म्हणून मीच मोठ्याने वाचली, आमच्या त्या कोरड्या सुरात. शेवटाला आलो आणि आवाज अडखळला. तिथे काहीतरी कमी पडत होतं. चाळीस वर्षांची सवय. काही कमी पडलं की मोजायचं. मोजलं, लिहिलं, पुढच्या पानावर गेलो. त्या जागी ती मात्रा कमीच असायला हवी होती, हे मला तिसऱ्या दिवशी जेवताना कळलं. तोपर्यंत पाकीट पोस्टात पडलं होतं. दुसरं पाकीट पाठवता आलं असतं. पण मी काय लिहिणार होतो? मुद्रितशोधकाची चूक दाखवायला कोणतं चिन्ह वापरतात ते मला कोणी शिकवलं नाही.

हे तुझ्या बाबांना दाखवू नकोस. दाखवलंस तर मी नाकबूल जाईन.

शेवटी एक तांत्रिक प्रश्न. ओळीने तीन सकाळी म्हणजे सुट्टीचा दिवस धरून की सोडून?

तुझा,
काका


२२ फेब्रुवारी

ती. काकांना नमस्कार.

सुट्टीचा दिवस धरून. का विचारता? नका सांगू, विसरायला होतंय एवढंच असेल. कॅलेंडरला चिकटवायला चिठ्ठी जोडली आहे: "आठ वाजता एक दाबणे."

मोजा उजव्या पायात होता. फोन मी वीस मिनिटांनी केला, कारण आधीची वीस मिनिटं मी टेबलाखाली डोकं घालून बसले होते.

तुमचं पत्र मी बाबांना दाखवलं नाही. तुम्ही तसं लिहिलंय आणि मी तुमचं ऐकते, कारण या घराण्यात कोणीतरी कोणाचं तरी ऐकायला हवं. पण काका, पाच दिवस उरलेत. मोठा पसारा निघालाय. बाबांनी तीन बॅगा भरल्या, वजन केलं, निम्मं काढलं. हस्तलिखित बॅगेत घातलं नाही आणि रद्दीतही टाकलं नाही. ते जेवणाच्या टेबलावर ठेवलंय, आणि आम्ही त्याच्या कडेकडेने जेवतो. मी सरळ म्हटलं, "काकांकडे जाऊन या ना, तीन तासांचा तर रस्ता." म्हणाले, "बोलावलंय का त्याने?" तुम्हाला म्हटलं तर तुम्ही म्हणता, "अडवलंय का मी?" तुमच्यापेक्षा माझे सर्व्हर बरे. एकाने "जागा आहेस का" विचारलं की दुसरा नुसतं "आहे" म्हणतो, "आधी तू सांग" म्हणत नाही.

फोन उचला आणि त्यांचा नंबर फिरवा. फार तर काय होईल?

सेवेकडून पुन्हा काही संदेश आला तरी लक्ष देऊ नका, नोंद चुकून राहिली आहे, एवढं मी बाबांना बजावून ठेवलंय. "बरं," म्हणाले.

तुमची,
खार


२६ फेब्रुवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

हे पत्र सकाळी नऊला सुरू करतो आहे. तुझ्या हाती पडेपर्यंत तुला सगळं तोंडी कळलेलं असेल, आणि तू बोलेनाशी झालेली असशील. आपल्या घराण्यात ती सोय आहे.

परवा आठला फोन वाजला. मी उचलला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एक दाबला नाही. काल दाबला नाही. आज दाबला नाही. तुझी चिठ्ठी कॅलेंडरला व्यवस्थित चिकटवली आहे, तेव्हा विसरलो असं म्हणू नकोस.

मी खोटं बोललेलो नाही. "ठीक असाल तर एक दाबा," असं ती म्हणते. मी ठीक नव्हतो. अठ्ठावीस तारीख जवळ आली तसा मी मुळीच ठीक नव्हतो, आणि चुकीच्या उत्तरापुढे बरोबरची खूण करायची मला सवय नाही. तेव्हा ही तत्त्वाची गोष्ट आहे. पडलो तरी नाक वर म्हणशील. म्हण.

नंबर फिरवून पाहिला होता, हेही सांगून टाकतो. मंगळवारी चार वेळा. प्रत्येक वेळी शेवटचा आकडा राहिला. "हॅलो"नंतरचं वाक्य माझ्याकडे तयार नव्हतं. तुझ्या त्या यंत्राकडे निदान एक वाक्य तयार आहे आणि ते न लाजता म्हणतं.

तू त्याला आधीच बजावून ठेवलंस हे एका परीने बरं झालं. धसका बसायला नको. संदेश येईल, तो "बरं" म्हणेल, पेपर उलगडेल. तो इथे आला नाही तर मी समजेन की त्याने तुझं ऐकलं, माझ्यावर राग म्हणून नव्हे. मला एवढी पळवाट पुरते.

साडेआठपासून फोन वाजतोय. आतापर्यंत नऊ वेळा. त्यात तूही असशील. उचलला तर आवाजावरून ठणठणीत आहे हे कळेल, म्हणून उचलत नाही. हे मात्र तत्त्वात बसत नाही, मला माहीत आहे. दहाव्यांदा वाजतोय. हात दोनदा पुढे केला आणि मागे घेतला. चांगलं वागत नाहीये मी.

पुढचं आता संध्याकाळी लिहितो आहे.

साडेअकराला बेल वाजली. मी केस विंचरले, सदरा नीट केला आणि चेहऱ्यावर "कोण, तू का?" असा भाव आणून दार उघडलं. समोर एक अनोळखी दाढीवाला माणूस, हातात हत्यारांची पिशवी. मला पाहून तो दोन पावलं मागे सरकला.

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

"घर माझं आहे. तुम्ही कोण?"

"कुलूपवाला. दार फोडायला बोलावलंय." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "आत एकटेच असता का? म्हणजे, अजून कोणी... पडलेलं वगैरे?"

"नाही. पडायचा तो मीच. कोणी बोलावलं तुम्हाला?"

"खाली जिन्यात एक आजोबा बसलेत. मी म्हटलं, आधी बेल तर वाजवू या. तर म्हणाले, सकाळपासून फोन उचलत नाही, बेल काय ऐकणार. पोरगी म्हणते चुकीचा निरोप आहे, पण खात्री काय. म्हणाले, दार उघडलं की आधी तुम्ही आत जा आणि मला हाक मारा. माझ्याच्याने बघवणार नाही." त्याने पिशवी खाली ठेवली. "हाक मारू का आता?"

"नको," मी म्हटलं.

पाण्याचा पेला भरला आणि अनवाणी खाली गेलो. आमच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, त्याला धरून, एकेक पायरी. दुसऱ्या वळणावर तो बसला होता, भिंतीला टेकून, पाठमोरा. पावलं ऐकून त्याला वाटलं कुलूपवालाच परत आला. मान न वळवता त्याने विचारलं, "आहे का?"

तुझा सर्व्हर म्हणतो तसं मी नुसतं "आहे" म्हटलं.

 तो वळला, माझ्या हातातला पेला घेतला, सगळं पाणी प्याला, तोंड पुसलं.

"दादा," तो म्हणाला, "एक दाबायला काय होतं रे तुला?"

आणि पायरीवर थोडा सरकून त्याने जागा केली.